बोंबील, भाकरवडी आणि सहावी सीट

"त्या बसणार असतील तर आम्ही जीपमध्ये बसणार नाही," परांजपे साहेब म्हणाले. मागे चौघांनी माना डोलावल्या. सकाळचे सहा वाजले होते, जीप सुरू होती, आणि केनियाच्या जंगलात हत्ती बघायला आलेली माझी सहा माणसं चटणीच्या एका डब्यावरून अडली होती.

मी टूर मॅनेजर आहे. राहते भाईंदरला, गोडदेवात. लोकांना वाटतं, ही फुकटात जग फिरते. खरं तर मी जगभर लोकांचे रुसवे काढत फिरते. हा ग्रुप छोटा होता. मीरा रोडच्या एका कॉम्प्लेक्सचे चेअरमन परांजपे, त्यांची बायको आणि तीन शेजारी. सहाव्या उत्तनच्या फिलोमिना मावशी, रिटायर्ड नर्स, एकट्याच आलेल्या. त्यांना एकच गोष्ट बघायची होती, मोकळा हत्ती. "साखळीतला लय बघितला," असं त्या बुकिंग करतानाच म्हणाल्या होत्या.

कॅम्प इको-फ्रेंडली होता. म्हणजे कापडी तंबू, सोलरचे दिवे, आंघोळीला मोजून एक बादली आणि कुंपण अजिबात नाही. प्राणी हवे तिथून जातात. म्हणून दोन नियम कडक. प्लास्टिक आणायचं नाही, आणि तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. जे असेल ते किचनमधल्या लोखंडी पेटीत जमा करायचं. हे मी भाईंदरच्या प्री-टूर मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा परांजपे साहेब 'करेक्ट' म्हणाले होते. आपल्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा होतो, हे त्यांनी मला विमानतळावर सांगितलं, विमानात सांगितलं आणि कॅम्पचा मॅनेजर विल्सन यालाही इंग्रजीत सांगितलं.

पोचल्या पोचल्या विल्सनने पेटी पुढे केली. मावशींनी स्टीलचा डबा ठेवला. सुक्या बोंबलाची चटणी, एअरपोर्टवर रीतसर दाखवून आणलेली. बाकी पाच जणांकडे काहीच नव्हतं. मराठी माणसं चिवडा-चकलीशिवाय परदेशात आलीत, यावर मी विश्वास ठेवायला नको होता. पण मी दमले होते, आणि चेअरमनची बॅग उघडायला कोण सांगणार?

दुपारी मावशींनी जेवताना डबा उघडला आणि वादाला तोंड फुटलं.

"मॅडम, हा वास दोन किलोमीटर जातो. सिंह येईल," साहेब म्हणाले.

"सिंहाला बोंबील कशाला पायजे?" मावशी म्हणाल्या. "त्याला जेवान हाय तिथं."

मी विल्सनला विचारलं. तो म्हणाला, डबा पेटीत राहतोय ना, मग नो प्रॉब्लेम.

"हे इको-फ्रेंडलीमध्ये बसतं का? मला फीडबॅक फॉर्ममध्ये लिहावं लागेल," साहेब मला म्हणाले.

फीडबॅक फॉर्म ही आमच्या मानेवरची सुरी. शेवटच्या दिवशी गेस्ट तो भरतात आणि त्यावर आमच्या पुढच्या टूर्स ठरतात. मी घाबरले. मावशींना अगदी टोकाच्या, नदीकडच्या तंबूत हलवलं. मला वाटलं, विषय मिटला. तर दुसऱ्या सकाळी जीपपाशी पुन्हा तेच, आता म्हणे मावशींच्या कपड्यांनाच वास येतो. आणि ही आमची शेवटची गेम ड्राइव्ह होती. गेम ड्राइव्ह म्हणजे जीपमधून प्राणी शोधत फिरणं. दुपारी आम्ही कॅम्प सोडणार होतो.

मी मावशींकडे बघितलं. माझं काम त्यांनीच सोपं केलं, याची मला अजून लाज वाटते.

"जावा तुमी. मी हाय हितंच."

सहावी सीट रिकामी घेऊन आम्ही चार तास फिरलो. धूळ भरपूर खाल्ली. हत्तीचं शेण दिसलं, ताजं होतं. साहेबांनी त्याचे फोटो काढले.

परत आलो तर साहेबांच्या तंबूची झिप उघडी. तिथल्या माकडांना झिप उघडता येते. एक माकड पलंगावर बसून भाकरवडी खात होतं, दुसऱ्याच्या हातात चकली होती. पाचही जणांचा खाऊ साहेबांच्या सुटकेसमध्ये होता, मोज्यांखाली, प्लास्टिकच्या पाकिटांत. विल्सनने माकडं हाकलली, फाटकी पाकिटं गोळा केली आणि एकेक करून जेवणाच्या टेबलावर मांडली.

"सीलबंद होतं सगळं," साहेब म्हणाले. "वास येत नव्हता."

मी मावशींच्या तंबूकडे गेले. त्या बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होत्या.

"हत्ती आलते," त्या म्हणाल्या. "पाच. पानी प्याले न् गेले. एक पोर व्हता बारका, त्याला सोंड कशी धरायची तेच कलत न्हवता."

"फोटो काढलात?"

"न्हाय. बघू का फोटू काढू?"

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त शरम वाटली. मी सॉरी म्हटलं.

"सॉरी कशाला, बाय? तुजी नोकरी हाय ना."

विल्सनने निघताना बजावलं, यापुढे तुमच्या ग्रुपच्या बॅगा माझ्यासमोर उघडल्या तरच एन्ट्री. साहेबांनी फॉर्ममध्ये 'माकडांचा बंदोबस्त करावा' असं लिहिलं आणि मला चांगले मार्क दिले. मीही ऑफिसला रिपोर्ट दिला. त्यात माकडं आली, भाकरवडी आली. सहावी सीट रिकामी का होती, हे मात्र मी लिहिलं नाही.

आता बॅगा मी स्वतःच उघडायला लावते, चेअरमनची सगळ्यांत आधी. तपासणी नाकाने करायची नसते, झिप उघडून करायची असते. आणि एका माणसाला मागे ठेवून जीप निघणार असेल, तर ती थांबवणं हेही टूर मॅनेजरचंच काम असतं. हे मला माकडांकडून शिकावं लागलं.