वहीतलं शेवटचं पान
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की कॅसलरॉक स्टेशनाजवळची जुनी दगडी जकात कचेरी आठवते. सिनेमावाल्यांनी तिची दारं रंगवली, त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. बंद कचेरीत एक अनोळखी माणूस टेपनं भिंती मोजत होता, खिडकीतून आमच्या वस्तीचे फोटो काढत होता. आमची घरं जंगलखात्याच्या जमिनीवर. मोजणी म्हटलं की आता घरं उठवणार, असंच आम्ही धरून चालायचो. “कुणी धाडलंय तुमास्नी?” माझ्या आत्यानं त्याला दरडावलं. “हेरांचा सिनेमा काढतोय, मावशी.” “ह्योच हेर हाय,” ती माझ्या कानाशी पुटपुटली. तिनं त्याला चहाला घरी नेलं आणि तो हात धुवायला परसात जाताच त्याची वही उघडली. पानोपानी दारं, जिने आणि पळणारी माणसं काढलेली. “शेवटचं पान बघा,” तो मागून म्हणाला. तिथं आत्याच होती, कमरेवर हात, डोळे बारीक. ती ओशाळली, तरी विचारलंच, “आमची घरं न्हाईत न्हवं ह्यात?” पुढं सिनेमा आला. त्यात कचेरी कुठल्यातरी परदेशातली होती. वस्ती दिसली नाही म्हणून सगळे हळहळले. आत्यानं मात्र देवापुढं नारळ फोडला. आज ती नाही. तिची धास्ती तेवढी माझ्याकडे राहिली आहे.