डचेसचा आवाज

बेलफर गावात कुजबुज अशी होती, की त्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर कोकलणारी कोंबडी खरीखुरी होती आणि गाणं संपल्या संपल्या बँडच्या पोरांनी ती तळून खाल्ली. तंगडी कुणाच्या वाट्याला आली यावरून बँडमधल्या पोरांच्या हॅम्ब्रिक आणि स्टाइल्स या दोन घराण्यांत लग्नकार्यात टोमणे चालत. ज्यांनी ती कोंबडी जन्मात पाहिली नव्हती, त्यांना तिची चवसुद्धा आठवत होती.

ऑर्लेटा प्रुइट हे सगळं ऐकून घ्यायची आणि आपला केक पुढे सरकवायची. अर्कान्सासच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. ऑर्लेटाचा जन्म गेला अंड्यांच्या कारखान्यात. एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत रक्ताचा ठिपका दिसला की बाजूला काढायचं. घरी नवरा व्हर्जिल, रविवारी चर्चमधलं मागचं बाक. तिच्याबद्दल चघळायला काहीच मिळत नाही, हीच गावच्या बायकांची तिच्याविषयीची खरी तक्रार.

पण अठ्ठावन्न साली एका दुपारी, ऐन तरुणपणात, ती मावशीची कोंबडी काखेत मारून रेडिओ स्टेशनात गेली होती. ड्वाइट हॅम्ब्रिकनं मागितली म्हणून. गिटार गळ्यात, केस तेलानं चापून मागे वळवलेले. गावातल्या निम्म्या पोरी त्याच्यावर लट्टू. आपण उरलेल्या निम्म्यांतल्या, असं ऑर्लेटा सांगायची. ते कुणाला पटत नसे. ड्वाइटला आपल्या गाण्यात कडव्याकडव्याला कोंबडी ओरडायला हवी होती. रॉक अँड रोलचे दिवस ते. गाणं जितकं खुळचट तितकं खपायचं.

रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून पोरांनी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. खोलीत काळोख झाला. काळोख केला की कोंबडी झोपते, हे त्या मुलुखात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नव्हतं कळत ते फक्त गिटारवाल्यांना. त्यांनी तिला ढोसलं, दाणे दाखवले, हातापाया पडले. बाई पंखात मान घालून गाढ. शेवटी ऑर्लेटाच वैतागली, मायक्रोफोनपुढे उभी राहिली आणि अंडं घातल्यावर कोंबडी जसा साऱ्या गल्लीला पुकारा करते तसा तिनं केला. पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. ती कोंबडी उचलून घरी आली.

त्या उन्हाळ्यात देशभर तेच गाणं. कोंबडीचं नाव डचेस, असं ड्वाइटनं रेडिओवर ठोकून दिलं. ऑर्लेटानं विचारलं तर म्हणाला, कोंबडी म्हटलं की लोक हसतात, पोरगी म्हटलं की कोण ती विचारतात. तेव्हा तीही हसली. पुढे ड्वाइटचं दुसरं एकही गाणं चाललं नाही, आणि तो आवाज आपला होता हे सांगायला तिला जागाच उरली नाही.

मग कारखाना बंद पडला. व्हर्जिल गेला, मुलं लांब शहरांत पांगली. गावाला धंदा हवा होता म्हणून गाव डचेसचा उत्सव भरवू लागलं, आणि एका वर्षी कोर्टासमोर सिमेंटची भलीमोठी कोंबडी उभारायचं ठरलं. खाली पितळी पाटी. उत्सवाची सगळी सूत्रं नेल्डाकडे, म्हणजे गावात केस कापणाऱ्या बाईकडे. तिच्या खुर्चीत डोकं धुऊन घेता घेता ऑर्लेटा म्हणाली, "त्या पाटीवर माझं नाव घाल."

"तुमचं कशाला, ऑर्लेटाबाई? तंगडी तुम्ही खाल्ली होती की काय?"

"तो आवाज माझा आहे."

नेल्डानं नळ बंद केला. मग तिनं गावच्या पद्धतीनं तोड काढली. उत्सवात दरवर्षी डचेसच्या नकलेची स्पर्धा असे, आणि यंदा परीक्षक म्हणून खुद्द ड्वाइट यायचा होता. त्यानं मान डोलावली की नाव पितळेत.

ऑर्लेटानं गॅरेजचं दार ओढून घेऊन सराव केला. शेजारचं कुत्रं तिच्याशी बोलणं टाकून बसलं.

उत्सवाच्या दिवशी तिच्या आधी एक ट्रकवाला फुग्यातला वायू ओढून चिरकून गेला. मग ही चढली. चांगला फुलाफुलांचा झगा, हात पोटावर. तिनं त्या दुपारसारखाच पुकारा केला, आणि कोंबड्या पाळलेल्या म्हाताऱ्या खुर्चीत ताठ झाल्या. ड्वाइट काठी टेकत उठला. केस अजून काळे, म्हणजे रंगवलेले. म्हणाला, "छान हं, मॅडम. पण आमच्या डचेसचा सूर बराच वरचा होता." आणि त्यानं रेकॉर्ड लावायला सांगितली.

सूर खरंच वरचा होता. इतकी वर्षं ऑर्लेटाला वाटायचं, आपला गळा वयानं बसला. त्या दुपारी ती घरी गेल्यावर ड्वाइटनं टेप जोरात फिरवून आवाज चढवला होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जो सूर कुठल्याच गळ्यातून निघाला नव्हता, त्याची नक्कल सारं गाव करत होतं.

ट्रकवाला पहिला आला. ऑर्लेटाला उत्तेजनार्थ तळलेल्या कोंबडीचं कूपन.

तंबूमागे तिनं ड्वाइटला गाठलं. "ओळखलंस मला?"

"मंचावर चढलीस तेव्हाच."

"मग?"

टेपची गोष्ट त्यानं तिथंच सांगून टाकली, फार आढेवेढे न घेता. मग म्हणाला, "मला आता गायला कुणी बोलवत नाही गं. कोंबडीची गोष्ट सांगायला बोलावतात. तीही तू नेलीस तर घरी बसून मी करू काय?"

"मी करते तेच."

त्यानं विचारलं, "ते कूपन तुला लागणार आहे का?"

तिनं देऊन टाकलं.

सिमेंटची कोंबडी उभी राहिली, पाटीवर डचेस. ऑर्लेटानं विषय पुन्हा काढला नाही. नेल्डानंही नाही, फक्त त्यानंतर केस धुताना ती जरा कमी बडबडायची. दोनेक वर्षांनी ऑर्लेटा गेली. गावच्या पेपरानं तिच्या लिंबाच्या केकबद्दल लिहिलं. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला जमलेल्यांत तंगडीचा वाद पुन्हा निघाला, आणि त्या दिवशी स्टाइल्स जिंकले.

रेकॉर्डिंग चालू असताना कोंबडी झोपली होती. आवाज ऑर्लेटाचा होता. कोंबडीला कुणी खाल्लं नाही. ती मावशीच्या खुराड्यात परत गेली आणि पुढच्या थंडीत मेली.