आपांची रजिस्ट्री

आपांना राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. मोताळ्याच्या बसस्टँडसमोर आमची दुकानं शेजारी-शेजारी होती. माझा फोटो स्टुडिओ, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि मधे एकविटी भिंत. एरवी त्यांचं बोलणं भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू यायचं. ते ऐकू येईनासं झालं की मी समजायचो, पलीकडे आज कुणाचं तरी काही खरं नाही.

नाव शकीला, पण तालुक्यात सगळे त्यांना आपा, म्हणजे ताईच म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. त्यांचे मियाँ उर्दू शाळेत मास्तर होते, अतिशय सौम्य माणूस. घरात रागाचं सगळं खातं आपांकडेच होतं. जळगावला काही काळ राहून त्या हे काम शिकल्या आणि परत आल्या तेव्हा आमच्याकडे बोंडअळी न लागणाऱ्या बीटी कापसाचे दिवस आले होते. प्रत्येक भिंतीवर बोंडांनी लगडलेल्या झाडाचं चित्र, खाली कुठल्या तरी कंपनीचं नाव, आणि जूनमध्ये बियाण्याच्या पाकिटासाठी लागलेल्या रांगा. त्याच दिवसांत दुकानादुकानातून कॉम्प्युटरही आले. बिघडले की ते आपांकडे येत.

आपांना विसरण्याची सवय नव्हती. समोरच्या हॉटेलवाल्यानं एकदा त्यांच्या पाहुण्याला शिळा चहा गरम करून दिला. त्यानंतर आपांनी त्या हॉटेलचा चहा कधी घेतला नाही. मालक बदलला, पाटी बदलली, तरी नाही. मी म्हटलं, आपा, हा तर दुसराच माणूस आहे. त्या म्हणाल्या, "भट्टी तीच हाय ना?"

त्यांच्या दुकानाच्या पाटीवर बाकी कामांबरोबर 'रजिस्ट्री दुरुस्ती' असंही लिहिलेलं होतं. त्यामुळे सातबारा आणि खरेदीखताची पिशवी घेऊन लोक यायचे. एक म्हातारे पिंपळगाव राजाहून बस बदलत आले होते. भावानं बांध कोरला, रजिस्ट्रीत दुरुस्ती करून द्या, म्हणत बसले. आपांनी त्यांना पाणी दिलं, सगळी हकीकत ऐकली, आणि ही कॉम्प्युटरच्या आतली रजिस्ट्री वेगळी हे समजावून सांगितलं. शेवटी त्यांना भावाविरुद्ध एक खणखणीत अर्ज टाईप करून दिला. पाटी मात्र बदलली नाही.

ही वेगळी रजिस्ट्री मला माझ्याच कॉम्प्युटरमुळे कळली. एका सकाळी पाहतो तर माझ्या फोल्डरांची नावं भलतीच झालेली. जिथे लग्नांचे फोटो ठेवायचो त्यावर गाण्यांचं नाव, गाण्यांवर दुसऱ्याच कुणाच्या कागदपत्रांचं. नाव बदलायला गेलो तर बदलेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आपांनी फोल्डर उघडून दाखवलं. आतले फोटो जागच्या जागी होते. नुसती वरची चिठ्ठी बदलली होती. प्रत्येक फोल्डरात एक छोटी फाईल लपलेली असते, तिच्यात लिहिलेलं नाव बाहेर दिसतं. कुठून तरी कॉपी करताना भलतीच फाईल भलत्या फोल्डरात येऊन बसली होती. त्यांनी ती काढली आणि निम्मी नावं सुधारली. उरलेल्यांसाठी मात्र रजिस्ट्रीत जावं लागेल, म्हणाल्या, आणि लाईट जाऊन येईपर्यंत थांबल्या. तेव्हा भारनियमन होतं. काम अर्ध्यात असताना वीज गेली तर मशीन पुन्हा उठेल याची खात्री नसे.

"भाऊ, ही याची नस हाय," त्यांनी मला सांगितलं. "कोनतं सामान कुठं ठेवलं, कोनाले काय म्हनायचं, सारं इथं लिहेल असते. येक अक्षर गलत पुसलं का मशीन उठत नाई. म्हून आधी नक्कल काढाची, मंगच हात लावाचा." आणि खरंच, नक्कल काढल्याशिवाय त्यांनी कुणाच्याही मशीनच्या त्या भागाला हात लावलेला मी पाहिला नाही. घाईचं गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी.

आता त्या माणसाकडे येतो. तालुक्यात त्याचं बी-बियाण्याचं मोठं दुकान होतं. आजही आहे. नाव घेत नाही, शेठ म्हणतो. आमच्याकडे ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आपांचे धाकटे भाऊ रफिकभाई रोहिणखेडला शेती करत. शेतीतलं त्यांना चांगलं कळायचं आणि गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. एका वर्षी शेठनं त्यांना बियाण्याची पाकिटं दिली, वर 'बीटी' असं ठळक छापलेली. रफिकभाईंनी पेरलं म्हणून गावातल्या बऱ्याच लोकांनी तेच पेरलं. माझ्या सासऱ्यांनीही. दिवाळीच्या आधी बोंडं फोडून पाहिली तर प्रत्येकात अळी. पाकिटावर बीटी होतं, आत नव्हतं. रफिकभाई किडकी बोंडं आणि रिकामं पाकीट घेऊन शेठच्या काउंटरवर गेले. शेठनं पाकीट तपासायला म्हणून आत नेलं आणि बाहेर येऊन भरल्या दुकानात सांगितलं, की हे बियाणं माझ्याकडचं नाहीच. या माणसानं गुजरातेतून स्वस्तातलं आणून गावाला विकलं आणि आता माझ्या नावावर खपवतो आहे. पाकीट परत आलंच नाही.

लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, हे मला आजही सहन होत नाही. पण शेठचं कोण काय वाकडं करणार होतं? रफिकभाईंवर तोंड टाकणं सोपं होतं. गावानं त्यांना सलाम करणं सोडलं. जुम्म्याच्या नमाजला ते आपल्या गावच्या मशिदीत जाईनात. सायकल घेऊन शेजारच्या गावी जायचे आणि मागच्या ओळीत उभे राहायचे. हे आपांना कळलं त्या दिवशी भिंतीपलीकडे अगदी शांतता होती.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, आपा, राग सोडा, तब्येत बिघडेल. त्या हळूच म्हणाल्या, "मी रागात नाई भाऊ. मी वाट पाहून राह्यली."

आणि वाट पाहिल्याचं फळ पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्या पायांनी चालत आलं. शेठच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या फोल्डरांची नावं माझ्यासारखीच बिघडली. शेठनं मुनीमजीबरोबर मशीन पाठवलं. दुसरं दुकान तालुक्यात नव्हतं, आणि रफिकची बहीण ती हीच, हे त्याच्या लक्षातही नसावं. लोकांचं वाटोळं करणाऱ्यांना त्यांची नाती कुठे आठवतात.

आपांनी मशीन ठेवून घेतलं. मला वाटलं, आता या सगळं पुसून टाकणार. मी जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, अडवायला गेलो नव्हतो, बघायला गेलो होतो. पण आपांनी नेहमीसारखी आधी नक्कल काढली, फोल्डरांची नावं एकेक करून नीट लावली आणि मशीन परत दिलं. मी जरा हिरमुसलोच.

मृग लागला. शेठच्या दुकानासमोर पाकिटांची रांग लागली. कॉम्प्युटरवर बिल निघतं ही त्याची मोठी ऐट होती, म्हणून मोठा पडदा त्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर ठेवलेला. त्या सकाळी मुनीमजीनं मशीन सुरू केलं आणि पडद्यावर जिथे 'माझा संगणक' असं यायचं, तिथे ठसठशीत मराठीत 'बोगस बियाणे' असं आलं. त्याच्या खालच्या फोल्डरवर नाव होतं, 'रफिक खरं बोलला'.

रांगेत रोहिणखेडचा एक जण होता. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. मागच्यानं पुन्हा वाचलं. मुनीमजीनं नाव बदललं, तर मशीन बंद-चालू केल्यावर पुन्हा तेच. आपांनी रजिस्ट्रीत असं काही बसवलं होतं, की हंगामाची तारीख आली की नाव पलटावं आणि दर वेळी मशीन सुरू होताना पुन्हा लिहिलं जावं. आतल्या एकाही बिलाला धक्का नव्हता. फक्त वरची चिठ्ठी बदलली होती. ती बातमी बसस्टँडवर आली तेव्हा मी स्टुडिओ बंद करून ते बघायला गेलो, आणि मला इतका आनंद झाला की तसा माझ्या लग्नातही झाला नसेल.

शेठनं मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याला रजिस्ट्री उघडायची कशी एवढंच ठाऊक होतं. त्यानं नक्कल वगैरे काही न काढता दिसेल ते पुसलं. मशीन बंद पडलं ते उठेना. भर हंगाम, दारात रांग, आणि बिलं सगळी आत.

दुपारी शेठ स्वतः आला. मी आपांच्या दुकानातच होतो. सुरुवातीला त्यानं पोलिसांचं नाव काढलं. आपा ऐकत राहिल्या. मग त्यानं विचारलं, मशीन सुरू होईल का.

"होईन," आपा म्हणाल्या, इतक्या हळू की त्याला पुढे वाकावं लागलं. "उन्हाळ्यातली नक्कल माह्याजवळ हाय. जुम्म्याले रोहिणखेडले या. नमाज झाल्यावर लोक बाहेर निंघतात, तवा माह्या भावाले सांगा का पाकीट तुमच्याच दुकानातलं होतं. मंग मशीन घेऊन जा."

तो पैसे किती म्हणून विचारत राहिला. आपांनी ते ऐकलंच नाही.

शुक्रवारी तो आला. आपांबरोबर मीही गेलो होतो. जुन्या मशिदीसमोर ऊन मी म्हणत होतं. आपांनी भावाला आग्रह करून त्या दिवशी गावातच नमाजला जायला लावलं होतं. लोक बाहेर आले, थबकले. शेठ उन्हात उभा होता, रुमालानं मान पुसत. त्यानं सांगितलं, की पाकीट त्याच्याच दुकानातलं होतं, आणि रफिकभाई खोटं बोलले नव्हते. चुकून झालं, असंही त्यात घातलं. तरी बोलला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान खाली घातली.

मी रफिकभाईंकडे बघत होतो. मला वाटलं, हा माणूस आता याच्या थोबाडीत देईल, निदान थुंकेल. रफिकभाईंनी त्याचा घामेजलेला चेहरा पाहिला, घरातून खुर्ची मागवली, सावलीत ठेवली आणि म्हणाले, "बसा शेठ. ऊन लय हाय. चाय पिऊन जा."

आपा तिथून तरातरा निघाल्या. परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मी त्याले उन्हात उभं कराले आनलं होतं. अन् यानं खुर्ची देली."

शब्द दिला होता म्हणून त्यांनी मशीन नीट करून दिलं, सगळी नावं जागच्या जागी लावून. भावाशी मात्र दोन ईदा होईपर्यंत बोलल्या नाहीत. रफिकभाई पुढच्या जुम्म्यापासून गावच्या मशिदीत जाऊ लागले, लोक पुन्हा त्यांना विचारून पेरू लागले. मी हे आपांना सांगितलं, म्हटलं, झालं ना आता? त्या म्हणाल्या, "त्याले त्याची नमाज वापस भेटली, चांगलं झालं. माहं अजून बाकी हाय."

शेठचंही बाकी होतं. आमच्या गाळ्यांचा मालक त्याच्या बसण्या-उठण्यातला. दिवाळी झाल्यावर आपांना गाळा खाली करायला सांगितलं गेलं. मी म्हटलं, मी मालकाच्या पाया पडतो. आपांनी मला इतक्या हळू आवाजात नाही म्हटलं की मी पुन्हा विषय काढला नाही. टेम्पोत सामान चढवताना त्यांनी पाटी उतरवली, पदरानं पुसली आणि स्वतः पुढे मांडीवर घेऊन बसल्या. जळगावला लेकीकडे गेल्या. पलीकडे मोबाईलच्या रिचार्जचं दुकान आलं. तो पोरगा दिवसभर गाणी लावायचा आणि भिंतीतून मला नको ते सगळं ऐकू यायचं.

अधूनमधून फोन व्हायचा. माझी, बायकोची, मुलांची चौकशी झाली की आपा विचारत, "तो मेला का?" मी सांगायचो, नाही, अजून हिंडतो-फिरतो. मग त्या उसासा टाकत आणि म्हणत, "मंग मले बी थांबाच लागन."

थांबता नाही आलं. एका हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. मातीला मी गेलो, रफिकभाईही होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, की शेठला पाजलेल्या त्या चहाचं बहिणीनं शेवटपर्यंत माफ केलं नाही. असं सांगताना ते रडत होते आणि थोडं हसतही होते.

मागच्या वर्षी शेठ माझ्या स्टुडिओत आला. आता काठी लागते. कुठलीशी संस्था त्याला 'शेतकरी मित्र' म्हणून पुरस्कार देणार होती, फ्लेक्ससाठी मोठा फोटो हवा होता. केस नीट बसवून तो स्टुलावर जाऊन बसलासुद्धा. मी म्हटलं, कॅमेरा बंद आहे. त्यानं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आत्ता तर त्या पोरीचा फोटो काढला तुम्ही.

"तुमच्यासाठी बंद आहे," मी म्हणालो. माझा आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुढे वाकावं लागलं.