चूलबंद आवतन

इचोड्याच्या रस्त्यावर हैदराबादची बस थांबली. बाबांनी माझी बॅग आत ठेवली आणि लहानपणापासून सांगत आले होते तेच शेवटी पुन्हा सांगितलं, "लोकाईच्या डोयात पाहून बोलत जाय, बाई." मी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ट्रकचा नंबर वाचत "हो" म्हणाले. माय रडत होती. मला रडू येत नाही हे पाहून तिला आणखीच रडू आलं. माझ्या छातीवर दगड होता, पण तो चेहऱ्यावर कसा दाखवायचा ते मला आजही जमत नाही.

तुम्ही गावाकडचे आणि माझ्यासारखे गाव सोडलेले, तुम्हा दोघांनाही हे माहीत आहे. नार्नूरजवळच्या आपल्या गावात जेवणाचं आवतन दोन तऱ्हांचं. घरटी एका माणसाला, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. शिवाय ताटं मांडली की कुणीतरी पुन्हा दारात येऊन "चाला जेवायले" म्हणतं. त्या दुसऱ्या हाकेशिवाय कुणी उठत नाही. मला हे फार आवडायचं. सगळं तोंडाने सांगितलेलं असे, ओळखायचं काही उरत नसे.

फक्त आमच्या घरी चूलबंद आवतन असलं तरी चूल पेटायची. माझ्यासाठी. एका लग्नात ताशा वाजला आणि मी कान दाबून पंगतीतच किंचाळले. सगळे हसले. तेव्हापासून माय माझ्यापुरत्या दोन भाकरी थापायची आणि धाकट्या सुजाताला घेऊन जेवायला जायची. मी दारात बसून पंगतीचा गलबला ऐकत जेवायचे. "तिले काई समजत नाई," असं शेजारणी म्हणायच्या. मला सगळं समजत होतं आणि सगळं लागत होतं.

हैदराबादेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यात मी तरबेज. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदच. टीममधल्या एकीने नवं घर घेतलं. कॅन्टीनमध्ये ती म्हणाली, "संडे को सब लोग लंच पे आना." हे चूलबंद आवतन, असं मी धरून चालले. रविवारी गॅस लावलाच नाही. ठेवणीतला ड्रेस घालून दुसऱ्या हाकेची वाट पाहत खुर्चीवर बसले. एक वाजला, तीन वाजले. पाचला ग्रुपवर फोटो आले, सगळ्यांचे, हसतानाचे.

सोमवारी कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. नंतरची जेवणं मला फोटोंतूनच कळली, कारण मी गर्विष्ठ ठरले होते. तसे फोटो आले की मी जिन्यात जाऊन बसायचे आणि गावाहून आणलेली सरकी, कापसाच्या चार बिया, खिशातल्या खिशात बोटांत फिरवायचे. श्वास जागेवर आला की पुन्हा लॉगिन.

तिशी ओलांडल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी मला ऑटिझम हा शब्द दिला. आधी हायसं वाटलं. मग राग आला, तोही ऑफिसवर नाही, मायवर. त्या दोन भाकरी मी विसरले नव्हते.

यंदा सुजाताचं लग्न झालं. लग्नाच्या सकाळी बुद्धवंदनेसाठी पांढरी साडी नेसून मी स्वयंपाकघरात आले, तर मायच्या पुढ्यात परात, परातीत ज्वारीचं पीठ. लग्न आमच्याच घरचं, आणि तरी माझ्यासाठी भाकरी.

"माय, चूल पेटवू नको. मी पंगतीत बसीन."

"काऊन जिवाले तरास करून राह्यली? लोकं हासतीन."

"हासू दे. सहन नाई झालं त उठीन. पन घरी एकटी जेवनार नाई."

मायने परात बाजूला सारली. "तुले हासले का माह्या काळजाले लागते," ती म्हणाली. "म्हनून तुले घरी ठेवलं."

इतक्या वर्षांत हे तिने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मला तिची लाज दिसली होती, भीती दिसली नव्हती.

विहारापुढच्या मांडवात वंदना झाली, लग्न लागलं, पंगत बसली. मी टोकाची जागा धरली, कानांत बोळे, मुठीत सरकी. वरण वाढेपर्यंत निभावलं. मग बँड सुरू झाला आणि मी भरल्या ताटावरून उठले. सगळ्यांनी पाहिलं, दोघी-तिघी हसल्याही. मी मांडवामागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. घरी पळून जावं असं वाटत होतं.

तेवढ्यात माय आली. दोन्ही हातांत ताटं. "चाल जेवायले," ती म्हणाली, आणि नवरीची आई तिथेच मातीत माझ्याशेजारी बसून जेवली.

संध्याकाळी घरी आलो, तेव्हा परातीतलं पीठ तसंच कोरडं होतं. मायने ते डब्यात परत ओतलं. आता घर म्हटलं की मला तेवढंच आठवतं.