उरलेली पानं
कडुलिंबाचा पाला जळल्याचा वास आला की मला रझाकारीनंतरच्या वर्षांतलं भूम गावातलं आमचं घर आठवतं. धाकट्या बहिणीला देवी आल्या होत्या, दाराला पाला बांधला होता, आणि अंधाऱ्या खोलीत मी तिला मास्तरांकडून मागून आणलेलं पुस्तक वाचून दाखवत होतो. एक मुलगी विहिरीच्या पायऱ्या उतरून ढगांच्या गावात पोचते, अशी गोष्ट होती. बहिणीचे डोळे सुजून मिटले होते, पण मी थांबलो की विचारायची, "मग? ती घरी येती का न्हाय?" एका दुपारी चुलत्यांनी परसात दाराच्या वाळल्या पाल्यासकट तिची वाकळ जाळायला घेतली आणि आजार पसरेल म्हणून पुस्तकही मागितलं. मी घासाघीस केली, "तात्या, वाचलेली पानं जाळा. पुढच्या पानांना तिचा हातसुद्धा लागला न्हाय, तेवढी मला फाडून द्या." "लई शहाणा झालास," म्हणत त्यांनी अख्खं पुस्तक हिसकावून जाळात टाकलं. मी खोलीत जाऊन मनानंच शेवट सांगितला. ती हळूच म्हणाली, "हे पुस्तकातलं न्हाय, दादा." पहाटे ती गेली. पुढं मी स्वतःच्या हिमतीवर धान्याची आडत उभी केली, भल्याभल्यांना भावात वाकवलं. तो एक सौदा मात्र अजून सलतो. परवा नात तेच पुस्तक नव्या कव्हरात घेऊन बसली होती, जेवायलाही उठेना. मी तिला मोठ्यानं वाचायला लावलं. आम्ही थांबलो होतो ती ओळ आली, आणि माझा चहा निवायच्या आत गोष्टीतली मुलगी घरी पोचली. एवढीशीच तर पानं होती, तात्या.