साहेब जिथं, चूल तिथं

बबिताला मानवी हक्कांची फेलोशिप मिळाली, तेव्हा तिच्या आईनं, छबुबाईनं, कपाळाला हात लावला. "हक्क तुला कावून शिकवायलेत? मारणाऱ्याला शिकवा म्हणावं की!"

तेलगावच्या रस्त्याला पारध्यांची दहा-बारा पालं आहेत, त्यातलं एक ह्यांचं. आसपासच्या गावात कुणाची विहिरीवरची मोटार गेली, शेळी गेली, कुणाची बायको रुसून माहेरी गेली, तरी पोलिसांची गाडी आधी इथं येणार. हाताला लागेल तो बाप्या उचलणार. ठाण्याचं नाव घेत नाही. कुठलंही धरा, उन्नीस-बीस.

माणूस उचलला की वस्तीतल्या बाया तीन दगड, तवा नि पीठ घेऊन निघायच्या आणि ठाण्याच्या फाटकातच चूल मांडायच्या. रडारड नाही, पाया पडणं नाही. भाकरी थापायच्या, लेकरं आवारात मोकळी सोडायची आणि ओल्या लाकडाचा धूर साहेबाच्या खिडकीत घालायचा. माणूस सुटेस्तोवर चूल विझू द्यायची नाही. सुटलेल्यानं पहिला घास त्याच चुलीचा खायचा आणि मग आपल्या पायानं ती मोडायची, अशी ह्या वस्तीची रीत. बबिता लहानपणी कित्येकदा त्या फाटकात झोपलेली आहे.

तर ही बबिता बारावी झाली आणि बबनरावांच्या नजरेत भरली. बबनराव म्हणजे अंबाजोगाईच्या एका संस्थेचे अध्यक्ष. भर उन्हाळ्यात जाकीट, खांद्याला शबनम आणि तोंडात 'वंचित' हा शब्द सुपारीसारखा सतत घोळणारा. परदेशातून पैसा सुटला की ह्या गृहस्थाला आदिवासी आठवायचे. पैसा संपला की दुसऱ्या कुणाचा तरी कळवळा यायचा. त्या वर्षी आदिवासींची पाळी होती. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, राहणं-खाणं फुकट, वर महिन्याला मानधन. बबिता आनंदानं गेली. पोरगी हुशार होती, पण भोळी.

तिथं काय शिकवलं? भिंतीवर चित्रं दाखवली, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या, आणि एक दिवस पोलिसांचं नाटक बसवलं. "पोलीस कोण होतंय?" बबनरावांनी विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "बबिता, तू हो. तुला अनुभव आहे." सगळे खो खो हसले. बबिताच्या हातात दंडुका म्हणून पट्टी दिली होती, ती तिनं खाली ठेवली. त्याच दिवशी तिनं हा माणूस ओळखायला हवा होता. पण कायदा काय म्हणतो ते ऐकून ती हरखून गेली होती. धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करावंच लागतं! एवढं सोपं असताना आपल्या बायांनी इतकी वर्षं धूर का खाल्ला, असं तिला वाटलं.

समारोपाला तीन दिवस उरले असताना तिचा भाऊ गहिनीनाथ उचलला गेला. पाण्याची मोटार चोरली म्हणे. मोटार गेली त्या दिवशी तो कापूस वेचायला होता, पण ते कोण विचारतो? बबिता धावत वस्तीवर आली. छबुबाईनं दगड काढलेच होते.

"आई, चूल नगं," बबिता म्हणाली. "आता कायद्यानं जाऊ. सर हायेत ना."

"तुझा सर सोडविल?"

"सोडविल."

छबुबाईनं दगड खाली ठेवले. लेकीच्या शब्दावर ठेवले, हे ध्यानात घ्या.

बबितानं सरांना, म्हणजे बबनरावांना, फोन लावला. "बघतो," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मेल टाकलाय." कुणाला टाकला देव जाणे! ठाण्याला तर नव्हता. चोवीस तास गेले, अठ्ठेचाळीस गेले. गहिनीनाथ आतच. आई दगडांपासून हलेना, भावजय जेवेना, आणि बबिता फोन हातात धरून बसलेली.

तिसऱ्या दिवशी समारोप. देणगीदारांची एक मॅडम दिल्लीहून यायची होती आणि तिला प्रत्यक्ष समाज बघायचा होता. म्हणून बबनरावांनी कार्यक्रम वस्तीजवळच्या एका मंगल कार्यालयात ठेवला आणि जीप पाठवून वस्तीतल्या बाया उचलून आणल्या. पोलीस तरी चोरीचं निमित्त सांगतात! वर निरोप काय, तर चूल-तवा घेऊन या, पारंपरिक पदार्थांचा स्टॉल लावायचाय. छबुबाईनं दगड जीपमध्ये टाकले.

आणि प्रमुख पाहुणे कोण? ठाण्याचे साहेब. हसू नका, पत्रिकेत छापलं होतं.

बबनरावांनी बबिताला पडद्यामागं घेतलं. "मनोगत तूच मांडायचंय. संस्थेनं कसं घडवलं ते सांग. तो भावाचा विषय मात्र नको हं. साहेब नाराज झाले तर त्यालाच जड जाईल. आणि मॅडमसमोर बरं दिसत नाही."

बबितानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सहा महिने ह्या माणसाला आपण सर म्हणालो, ह्याची तिला किळस आली.

ती माईकपुढं गेली. मागं साहेब शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते.

"मला इथं चोवीस तासांचा कायदा शिकवला," ती म्हणाली. "माझा भाऊ गहिनीनाथ तीन दिवस ठाण्यात हाय. कोर्ट न्हाई, कागद न्हाई. ज्या साहेबांनी डांबलाय ते इथं शाल घेऊन बसलेत, अन् शाल देणारे माझे सर हायेत." ती आईकडं वळली. "आई, मी तुला अडवलं, माझं चुकलं. आण दगड. साहेब जिथं, चूल तिथं!"

छबुबाई तेवढ्याचीच वाट बघत होती. स्टेजच्या पायथ्याशी तीन दगड पडले, बायांनी गोल धरला आणि ओलं लाकूड पेटलं. बघता बघता धुरानं हॉल भरला. बबनराव "अहो, अहो" करत नाचू लागले. मॅडम डोळे पुसत विचारू लागली की हा कुठला विधी, आणि बबितानं तिला माईकवरूनच सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतले पत्रकार जागे झाले. साहेबांनी नारळ खाली ठेवला, फोन काढला आणि खोकत खोकत ओरडले, "सोड बे त्याला! गाडीत घालून इथं आण!"

गहिनीनाथ आला. ओठ सुजलेला, चाल लंगडी. छबुबाईनं भाकरीचा घास त्याच्या तोंडात घातला. तो सावकाश चावला, मग त्यानं पायानं चूल मोडली, आणि भावजय तिथंच मटकन बसून रडली.

महिन्याभरानं बबनरावांचा फोन आला. आवाजात नुसता गूळ. त्या चुलीचे फोटो त्यांनी संस्थेचा उपक्रम म्हणून वर पाठवले होते आणि मॅडम लई खूश होती. पुढच्या तुकडीच्या समारोपालाही चूल ठेवायचं ठरलं होतं.

"बायांना घेऊन येशील ना? मानधन देऊ."

"येते की," बबिता म्हणाली. "पण आमची चूल रिकामी पेटत न्हाई, बबनराव. कुणीतरी ठाण्यात कोंडलेला लागतो. माझा भाऊ एकदा झाला. ह्या वक्ताला तुमच्या घरचं कोण घालताव, तेवढं सांगा."