आदल्या दिवशीची फेरी

अख्ख्या वसई तालुक्यात माझ्या मेहुण्यांइतका भरवशाचा माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी धास्ती मी आयुष्यात कोणाचीही घेतलेली नाही. साहेबांची नाही, डॉक्टरांची नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीचीही नाही. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. राहणार सांडोर, एकटे. वाडीत केळी, थोडी पानवेल, उरलेल्या जागेत भाजी. अंगाने शिडशिडीत, शर्ट कायम पांढरा, आणि बोलताना नजर समोरच्याच्या उजव्या कानावर. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्याच कानाला काहीतरी लागलंय. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी सासरवाडीला शिरण्याआधी रुमालाने कान पुसून घेत असे.

भरवसा म्हणजे वेळेचा. सहाला येतो म्हणाले की सहाला. पाच अठ्ठावन्नला पोचले तर दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहतील, पण बेल सहालाच वाजवतील. आणि नव्या जागी जायचं असेल तर आदल्या दिवशी, त्याच वेळेला, एकदा तिथे जाऊन यायचं, ही त्यांची जन्माची रीत. ते तिला 'फेरी' म्हणतात. आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांत रविवारी होती, तर हे शनिवारी सकाळी दहाला सायकल मारत हजर. घरात फक्त रंगारी. त्याला म्हणाले, "मी उद्या येणार आहे," आणि सिमेंटच्या गोणीवर वीस मिनिटं बसले. कुठला पंखा कुरकुरतो, संडास कुठे, गर्दी सोसेनाशी झाली तर जिना कुठे, सगळं बघून गेले. रंगाऱ्याने घाबरून मला फोन केला, "साहब, बिल्डर का आदमी आया था क्या?" रविवारी दहाच्या ठोक्याला मेहुणे आले आणि आदल्या दिवशी जिथे गोणी होती त्याच कोपऱ्यात, गोणी नसताना, पंगत उठेपर्यंत बसून राहिले.

आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला त्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पगाराचा नाही, शिक्षणाचा नाही. "तुमच्याकडे मिक्सर किती वाजता लावतात?" आमच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मला तो अपमान वाटला आणि तो मी वीस वर्षं जपून ठेवला. पुढे कधीतरी लक्षात आलं, की त्या दिवशी बाकीचे सगळे मुलगा कसा आहे ते बघत होते. लग्नानंतर बहिणीला भेटायला आपल्याला कुठल्या वेळी जाता येईल, याची चौकशी करणारे ते एकटेच होते. ताटात वरण भाताला शिवलेलं त्यांना चालत नाही. आमच्या हॉलमध्ये बसले की म्हणतात, "भावोजी, तुमची ट्यूब ओरडतेय." आम्हाला कोणाला काही ऐकू येत नाही, आणि चौथ्या दिवशी ट्यूब जाते. रोज संध्याकाळी सव्वासातला बायकोला त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "सातव्या ओळीतल्या तिसऱ्या केळीला फूल आलं." ठेवला. मी या फोनच्या नकला करून ऑफिसात पुष्कळ हशा मिळवला आहे. एकदा बायको शांतपणे म्हणाली, "आई होती तोवर सव्वासातला तिचा फोन यायचा. ती गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून दादाचा येतो." त्यानंतर मी नकला बंद केल्या. पण तोवर वर्षं निघून गेली होती. मला त्यांच्याबद्दल सगळं असं उशिरा कळतं.

त्यांच्या वागण्याला नाव आहे, हे आमच्या मुलीने सांगितलं. ती विरारला लहान मुलांच्या एका केंद्रात काम करते. "बाबा, मामाला ऑटिझम आहे. आजार नाही तो, घडणच तशी असते." मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, असंही ती म्हणाली, आणि हा शब्द तिला मुळीच आवडत नाही. मी म्हटलं, "अगं पण त्यांना माणसं कळत नाहीत ना?" तेव्हा ती जे म्हणाली ते मला आजही टोचतं. "तुला तरी मामा कुठे कळतो? दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. फरक एवढाच, की प्रयत्न फक्त तो करतो."

तिचं लग्न ठरलं आणि माझं जेवण उडालं. साखरपुड्याला आमचे व्याही माइक हातात धरून उभे. कामणला त्यांचं गोदाम आहे, आणि एका टेम्पोवर आपण धंदा कसा सुरू केला हे सांगताना त्यांना गहिवरून येतं. गहिवर अर्ध्यावर आला असताना पहिल्या रांगेतून मेहुण्यांचा स्वच्छ आवाज आला, "हे तुम्ही मघाशी सांगितलंत. दोनदा." तेवढ्यात बाहेर नवऱ्यामुलाच्या मित्रांनी फटाक्यांची माळ लावली, आणि मी वळून पाहतो तर मेहुणे खुर्चीत नाहीत. जेवणाच्या टेबलाखाली, कान दाबून, गुडघ्यांत डोकं घालून बसलेले. वर जिलब्यांचं ताट. मी टेबलक्लॉथ उचलून म्हटलं, "दादा, बाहेर या हो, लोक बघतायत." ते म्हणाले, "फटाके संपले की येतो." विहीणबाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "त्यांची तब्येत बरी नसते का?" मायेनेच विचारलं त्यांनी. पण मला वाटलं, सहाशे माणसांनी मला एकदम विचारलं.

आणि आमच्यात नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. मुलगी तर साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मला मामाच आणणार. दुसरं कोणी आलं तर मी खोलीतून हलणार नाही." मला दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे दिसायला लागलं. नवरीच्या 'एंट्री'ला ढोल, खालून धूर, दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचे नळे, वरून अक्षता, समोर सहाशे मोबाइल, आणि मधोमध मुलीचा हात सोडून टेबल शोधणारे माझे मेहुणे. मुलीचं लग्न की माझी लाज, यातलं मला काय वाचवायचं होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

लग्नाच्या तीन दिवस आधी मी सांडोरला गेलो. ते बावखलाच्या काठावर, त्या वाडीच्या तळ्याशी, राजेळी केळी सोलून चटईवर उन्हात मांडत होते. सुकेळी करतात ते. आमच्या घरी दरवर्षी सुकेळ्यांचा पुडा येतो. मी म्हटलं, "दादा, पत्रिकेत मुहूर्त चुकीचा छापलाय. बारा एकवीस नाही, एक वाजून दहा मिनिटांनी आहे." ते सोललेलं केळं हातात धरून थांबले. नजर माझ्या कानावर होती, ती खाली उतरली आणि माझ्या हातांवर थांबली. "बरं," ते म्हणाले. "एक दहा." पुन्हा केळी मांडू लागले. एकही प्रश्न नाही. मी स्कूटरला किक मारली. घड्याळावर जगणाऱ्या माणसाला मी खोटी वेळ दिली होती. घरी येऊन बायकोच्या चुलतभावाला फोन केला, "तू तयार राहा रे. दादांचा काही भरवसा नाही." हे वाक्य मी उच्चारलं. या तोंडाने.

लग्नाच्या दिवशी बारा वाजता बायको म्हणाली, "दादा कुठेय? त्याला कधी उशीर होत नाही." मी म्हटलं, "येतील." खोलीच्या दाराआडून मुलगी म्हणाली, "बाबा, मामा आला?"

"वाटेत आहे."

"मामा वाटेत नसतो रे कधी. तो एकतर आलेला असतो, नाहीतर यायचा नसतो. काय झालंय?"

चुलतभाऊ फेटा सावरत येऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरातून, मोठमोठ्या पातेल्यांमधून वाट काढत मागच्या दाराने बाहेर पडलो. आणि तिथे, सिलिंडर आणि पाण्याच्या पिंपाच्या मधे, उलट्या क्रेटवर मेहुणे बसलेले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. कानांत कापूस. मांडीवर सुकेळ्यांचा पुडा.

"दादा! तुम्ही कधी आलात?"

"नऊला."

"पण मी तर तुम्हाला..."

"एक दहा चूक होतं. काल फेरी केली. बोर्डावर बारा एकवीस लिहिलंय. मॅनेजरलाही विचारलं."

ती फेरी! अठ्ठावीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना हसून सांगितली, आणि नेमकी तीच विसरलो. मी म्हटलं, "मग आत का नाही आलात?"

"तुम्हाला मी नको होतो."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही. तुम्ही चष्मा पुसत होतात. खरं बोलत नसलात की तुम्ही चष्मा पुसता. आई आजारी होती तेव्हा 'डॉक्टर म्हणतात, बरं होईल' असं म्हणालात, तेव्हाही पुसत होतात. चेहरे मला कळत नाहीत. हात कळतात."

मी क्रेटजवळ खालीच बसलो. नवे कपडे, मुलीचा बाप, ओल्या फरशीवर. "मग आलात तरी कशाला, दादा?"

त्यांनी मांडीवरचा पुडा सरळ केला. रागावलेले नव्हते, हिशेब सांगावा तसं सांगत होते. "तिने बोलावलंय. मी आत आलो तर तुम्हाला भीती वाटेल. आलो नाही तर तिला वाईट वाटेल. म्हणून इथे बसलो. इथून दोन्ही जमतं. मंगलाष्टका ऐकू येतात."

कान पुसून सासरवाडीला जाणारा मी. माझ्या मनात काय चाललंय हे त्यांना माझ्या हातांवरून कळलं होतं, आणि त्यांना काय हवंय हे मी कधी तोंडानेसुद्धा विचारलं नव्हतं. बारा दहा झाले होते. मी विचारलं, "दादा, तुम्हाला आत यायचं तर काय करायला हवं? तुम्ही सांगा."

उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "खोलीपासून बोहल्यापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं आहेत. तेवढा वेळ ढोल नको. धूर नको, ठिणग्या नकोत. अक्षता मी बाजूला झाल्यावर टाका. माझा हात कोणी धरायचा नाही, मीच तिचा धरीन."

"एवढंच?"

"एवढंच. कोणी विचारलं नव्हतं."

ढोलवाला म्हणाला, "काय साहेब, नवरी येताना बंद? कोण मयत झालंय का?" मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी पावलं बंद ठेव, मग छत फाडलंस तरी चालेल." मग व्याह्यांपुढे जाऊन उभा राहिलो. चष्म्याकडे जाणारा हात खिशात घातला आणि म्हटलं, "आमच्या मेहुण्यांना आवाज सोसत नाही. मी त्यांना आज टाळायला बघत होतो. माझी चूक झाली. थोडा वेळ हॉल शांत हवाय." व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि माइक मागवला. "मंडळी, सर्वांनी शांतता राखावी," ते म्हणाले, आणि शांततेचं महत्त्व सांगता सांगता टेम्पोपर्यंत पोचले. खोलीच्या दारात उभे असलेले मेहुणे मुलीला म्हणाले, "हे चौथ्यांदा." ती एवढी हसली की मुंडावळ्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

मग ते दोघं निघाले. पंख्यांचा आवाज आणि तिच्या बांगड्या, बाकी काही नाही. मेहुण्यांचे ओठ हलत होते, ते पावलं मोजत होते. मुलीने आपलं पाऊल त्यांच्या पावलाबरोबर टाकायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की तीही मोजतेय. अंतरपाटापाशी त्यांनी तिचा हात सोडला आणि पुटपुटले, "बरोबर चौऱ्याऐंशी." ते बाजूच्या दाराने बाहेर पडले, त्या शांततेत मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता उडाल्या, शेवटी ढोल फुटायच्या बेताने वाजला. विहीणबाई म्हणाल्या, "इतक्या लग्नांत मंगलाष्टकांची सुरुवात आज पहिल्यांदा ऐकली हो." मी मागे धावलो. क्रेटवर बसून मेहुणे घड्याळ बघत होते. "मुहूर्त चार मिनिटं टळला," म्हणाले. "पण तो भाषणामुळे. माझ्यामुळे नाही."

याला सहा महिने झाले. सगळं छान पार पडलं, असं सगळे म्हणतात. पण मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. खोलीच्या दारातच तिने मामाला विचारलं होतं, "कुठे होतास रे?" ते म्हणाले, "मागे बसलो होतो." तिने 'का' विचारलं असतं तर त्यांनी तेही सांगितलं असतं. ती विचारेल, या भीतीत मी सहा महिने काढले. गेल्या रविवारी वाडीत मेहुण्यांनी विचारलं, "तिला सांगितलंत?" मी म्हटलं, "नाही. दिवाळीला येईल तेव्हा सांगेन." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात गुडघ्यांवर होते. "बरं," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली.

उद्या ती येतेय. तिचा चेहरा कसा होईल, ती काय बोलेल, मला ठाऊक नाही. पण नव्या जागी जायचं तर आदल्या दिवशी एकदा जाऊन यावं, एवढं मी मेहुण्यांकडून शिकलोय. म्हणून आज हे सगळं लिहून काढलं. ही माझी फेरी. कुठे अडखळायला होतं ते बघून घेतलं. पळून जायला जिना कुठे आहे, ते मात्र बघितलं नाही.